बाहेरून कडी

१

आईच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. मुख्य दाराला कुलूप आणि त्याची किल्ली आईच्या गळ्यात, एवढाच काय तो बंदोबस्त. न्हाणीघरालासुद्धा कडी नाही. आत गेलेल्या माणसानं गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं, असा नियम. त्यामुळे तिच्याकडे येणारे पाहुणे दोनच प्रकारचे, एक गाणारे आणि दुसरे लवकर घरी जाणारे. आईच्या स्वतःच्या खोलीला तर दारच नव्हतं. ही जागा घेतली त्याच दिवशी तिनं ते बिजागऱ्यांसकट उचकटून घेतलं आणि भंगारात घातलं. राहिली ती रिकामी चौकट आणि फुलाफुलांचा एक पडदा, तोही सदा बाजूला सारलेला.

लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणत. केस पिकले, शाळेत विज्ञान शिकवून शिकवून निवृत्त झाली, तरी नाव काही विझलं नाही. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एकदा विचारणारा माणूस दुसऱ्यांदा विचारत नसे. मायलेकी दोघीच राहत, भांडत, आणि मजेत होत्या.

सकाळचा क्रम ठरलेला. आई उजाडताच बाहेर पडायची, गुडघे कुरकुरत असले तरी लांबवर फिरून यायची, येताना दूध, वर्तमानपत्र आणि चार घरच्या बातम्या घेऊन यायची. ठिणगी उठायची ती चहाच्या वासानं. आता वय झालं, जरा बस की घरात, असं कुणी म्हटलं की आईचं उत्तर तयार असे, ‘माझं बसायचं सगळं बसून झालंय.’

त्या दिवशी चहाचा वास आला नाही. ठिणगी उठून बाहेर आली, तर आई आपल्या खोलीच्या चौकटीत उभी.

“दार लागलंय गं,” आई म्हणाली. “जरा कडी काढ.”

सकाळी सकाळी कसली थट्टा, म्हणून ठिणगी वैतागली. मग तिचं लक्ष आईच्या उभं राहण्याकडे गेलं. आई टेकून उभी होती. पावलं मागे, तळवे पुढे, कपाळ पुढे, सगळा भार पुढे टाकलेला. असं उभं राहणारं माणूस तोंडावर पडतं, हे गुरुत्वमध्य शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. आई पडत नव्हती. तिच्या कपाळाची कातडी मधोमध सपाट झाली होती, काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पोराच्या नाकासारखी. आणि समोर काहीच नव्हतं.

२

ठिणगीनं सगळं करून पाहिलं. चौकटीतून हात आतबाहेर नेला, कुठेही काही लागलं नाही. स्वतः आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. मग आईचं मनगट धरून बाहेर ओढलं, तर उंबऱ्याच्या रेघेवर आईची बोटं थटली, सांधे पांढरे पडले, आणि आई कळवळली. ठिणगीनं घाबरून हात सोडला.

डॉक्टर येऊन गेले. चौकटीतून ऐटीत आत आले, ऐटीत बाहेर गेले, आणि वयाप्रमाणे मनाला अशा भीती बसतात म्हणाले. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. हे पटावं असं ठिणगीला फार वाटलं. पटलंही असतं, पण समोरच्या वहिनींना मदतीला बोलावून तिनं आईला उचलून बाहेर काढायचा घाट घातला, आणि आईचे पाय मोकळ्या हवेत थटले. वहिनींनी पाय धरले होते. त्यांनी एकदा, दोनदा जोर लावला, मग आईचे पाय हळूच गादीवर ठेवले आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं पुटपुटत घरी पळाल्या. माणूस भला, दुपारी परत आल्या. पण त्यानंतर चौकट ओलांडताना त्या दरवेळी आधी हात पुढे करायच्या.

आईला विचारलं तर ती साध्या आवाजात सांगे. “काल संध्याकाळी लावली कुणीतरी. तीच आहे, वरच्या खोलीची. तिचा आवाज मी झोपेतही ओळखीन.” आणि मग हवेत मूठ आपटे, टक टक, टक टक, दारावर ठोकावं तशी. मूठ जागच्या जागी अडायची, बोटांची पेरं लाल व्हायची, आणि आवाज अजिबात यायचा नाही.

वरची खोली म्हटल्यावर ठिणगीला दादाचा निरोप आठवला. काम पुरं झालं, उद्घाटनाला ये, असा तो निरोप होता. तिनं तो रागानं पुसून टाकला होता.

३

दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. जुनी घरं जपणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा अध्यक्ष. पडायला आलेलं घर घ्यायचं, देणग्या गोळा करायच्या आणि ते पुन्हा उभं करायचं, हे संस्थेचं काम. काम वाईट आहे असं ठिणगीसुद्धा म्हणाली नसती. त्यांची पद्धत मात्र कडक होती. प्रत्येक घरासाठी एक साल नक्की करायचं. त्या सालानंतर घराला जे जे चिकटलं असेल, रंग, नळ, भिंती, ते खरवडून टाकायचं, आणि त्या साली जे होतं ते परत आणायचं. जे होतं ते, जसं होतं तसं, जिथं होतं तिथं. हे त्यांचं ब्रीद.

यंदा पाळी आली होती आजोबांच्या घराची. आजोबा म्हणजे केवढा दानशूर माणूस! शाळा काय, दवाखाना काय, शहरभर त्यांच्या नावाच्या फरशा. त्यांचा मोठा सत्कार झाला ते साल दादानं घरासाठी निवडलं.

त्या साली आई कुठे होती, हे त्यानं संस्थेला सांगितलं नाही.

आईचा गुन्हा एवढाच, की बड्या पाहुण्यांच्या पंगतीत तिनं सासऱ्यांना विचारलं होतं, दवाखान्यात गरिबांना औषध फुकट देता ना, मग आपल्या मोलकरणीच्या पोरीला परत का पाठवलं? बस. सुनेचं डोकं फिरलंय असं ठरलं आणि तिला वरच्या खोलीत नेलं. दाराला बाहेरून कडी बसवली. वडील मान खाली घालून जेवत राहिले. ठिणगी तेव्हा एवढीशी होती. आई आजारी आहे, वर जायचं नाही, एवढंच तिला माहीत. दादा जाणता होता, आजोबांचा लाडका, त्यांच्या शेजारी झोपायचा. आजोबा गेले त्याच दिवशी वडिलांनी कडी उपटली, भोकं बुजवली, वरून रंग फासला. आई खाली आली, ठिणगीचं बोट धरलं, आणि तशीच अनवाणी घराबाहेर पडली. पुढे नर्सचं काम शिकली, लेकीला शिकवलं, आपल्या पैशानं जागा घेतली. दादा मात्र मागेच राहिला, वडिलांपाशी आणि नावापाशी.

आता त्या नावाला रंग लावायचा होता. ठिणगीच्या अंगाची आग आग झाली.

४

घर दृष्ट लागावी असं झालं होतं. ओल्या चुन्याचा आणि जवसाच्या तेलाचा वास येत होता. जिन्याच्या कठड्याला हात लावला की हात मागे घ्यावासा वाटत नव्हता, इतका गुळगुळीत. ठिणगीला ते सुंदर दिसत होतं, म्हणून जास्तच संताप आला.

तिला वर घेऊन गेली ती संस्थेची वास्तुतज्ज्ञ. दिसेल ती भिंत पात्यानं खरवडायची म्हणून कामगार तिला पाठीमागे खरवडबाई म्हणत. बाई मनानं चांगली, कामावर जीव. आजोबांच्या नातीला घर दाखवायचं म्हणून ती खुलून बोलत होती.

वरच्या बोळाच्या टोकाला ते दार होतं. बाहेर उघडणारं, गडद हिरवं. त्यावर तेल दिलेली, काळी, वीतभर लांब लोखंडी कडी. कोयंड्यात कुलूप. शेजारी सुबक अक्षरांत पाटी, ‘अडगळीची खोली. या काळात बंद असे.’

खरवडबाई कौतुकानं सांगत होती. रंगाचे थर काढत गेल्यावर खाली कडीची सावली सापडली, बुजवलेली भोकं सापडली. मग सुताराला तळघरात जुन्या खिळ्यांच्या पेटीत हीच कडी मिळाली, आणि भोकाला भोक तंतोतंत जुळलं. म्हणजे वडिलांनी ती फेकूनसुद्धा दिली नव्हती! लाकडाच्या झिजेवरून दिसतं, बाई म्हणाली, की ती बहुतेक वेळ लावलेलीच असायची. म्हणून आम्हीही लावून ठेवली. आतली खोली आधी पुरी केली, मग कडी घातली.

“अडगळीला बाहेरून एवढी कडी कशाला लागते हो?” ठिणगीनं विचारलं. “तिथली खुर्ची, टेबल पळून जातील म्हणून?”

“आम्ही ‘का’ विचारत नाही,” बाई शांतपणे म्हणाली. “काय होतं तेवढं बघतो.”

तेवढ्यात तिला खालून कुणी हाक मारली आणि ती गेली. बोळात झाडू मारणारा राखणदार राहिला. तो दाराकडे पाठ करून झाडत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, की साहेब म्हणतात लाकूड वाळतंय. वाळत असेल. पण वाळणारं लाकूड मधेच थांबून ऐकत नाही.

आणि मग ते वाजलं. टक टक, टक टक. आतून, छातीच्या उंचीवरून, थकलेल्या मुठीचं. लाकडं तापतात, फुगतात, हे तीच वर्गात शिकवायची. ते सगळं तिनं मनाशी भराभरा म्हणून घेतलं आणि दाराला कान लावला. दाराला ऊब होती. पलीकडे कुणीतरी तिच्या इतकंच जवळ श्वास घेत होतं.

तिनं पेरांनी उलट ठोकलं. टक टक.

आत सगळं गप्प झालं.

“इथे काय करतेस?” मागून दादा आला होता, अंगात कोट, हातात भाषणाचे कागद. तिनं त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, चौकट, आईचं कपाळ, थटलेले पाय. सांगताना तिलाच आपले शब्द वेडगळ वाटत होते. दादा ऐकून घेत होता, पाहुण्यांचं ऐकावं तसं.

“तिचं वय झालंय,” तो म्हणाला. “आणि तेव्हाही तिची तब्येत बरी नव्हतीच.”

“तब्येत बरी नसलेल्या माणसाला बाहेरून कडी लावतात? तू जाणता होतास, दादा. तू ऐकलं असशील हे ठोकणं.”

दादाचा चेहरा क्षणभर लहान पोरासारखा झाला. मग त्यानं तो सारखा केला. “ती मूळ कडी आहे. ती काढली तर मग या घरात खरं काय राहिलं?”

“आधी आईला बघून जा.”

“उद्घाटन होऊ दे.” असं म्हणून त्यानं तिचा कोपर धरला आणि तिला जिन्यावरून खाली आणलं, अगदी अदबीनं. देणगीदार मंडळी खाली उभी होती. त्यांच्यासमोर ठिणगीनं तमाशा केला नाही, आणि या गोष्टीसाठी तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

५

घरी आई पलंगाच्या कडेला बसली होती. सकाळचं वर्तमानपत्र घडी न मोडता तसंच पडलेलं.

“आज कुणीतरी आलं होतं,” आई म्हणाली. “बाहेरून ठोकलं गं. मला वाटलं, आता निघते कडी. मी अगदी पदर सावरून उभी राहिले.” तिनं पदराचं टोक हातातून सोडलं. “मग पावलं खाली गेली.”

ठिणगी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. रडायला येत नव्हतं. दादाचा राग, आजोबांचा राग, त्या बिनप्रश्नाच्या बाईचा राग, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा, खाली आलेल्या आपल्या पावलांचा राग.

त्यानंतर आई झपाट्यानं मागे गेली. फिरायला जायचं नाव निघेना. समोरच्या वहिनींचा आवाज आला की डोक्यावर पदर घेऊ लागली. पाणी दिलं तर भांड्याकडे न बघता हात पुढे करायची, जणू ते कुठल्या फटीतून येत होतं. मोठ्यानं बोलणारी, हसणारी, आल्यागेल्याला दटावणारी बाई कुजबुजून बोलायला लागली. एकदा तिनं विचारलं, मुलगी जेवली का खाली? ठिणगी म्हणाली, आई, मीच ती. आईनं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि ओशाळून हसली, परक्या बाईकडे बघून हसावं तशी.

आईचं जे काही होतं, नोकरी, पगार, ही जागा, हा स्वभाव, ते सगळं त्या सालानंतरचं. म्हणजे खरवडून टाकायचं. हे ठिणगीच्या मनात आलं तेव्हा ती उठली आणि हत्यारांच्या डब्यातला मोठा स्क्रूड्रायव्हर शोधू लागली. तिचं विज्ञान तिला काय काय सांगत होतं. तिनं त्याला गप्प बस म्हणून सांगितलं.

६

उद्घाटनाला लख्ख ऊन होतं. खालच्या दिवाणखान्यात भाषणं चालू होती. आजोबांचं औदार्य, आजोबांची दूरदृष्टी, आणि हे घर म्हणजे त्यांचा जिवंत सहवास, असं काय काय. आईपाशी समोरच्या वहिनींना बसवून ठिणगी आली होती. टाळ्या सुरू झाल्या तशी ती जिना चढली.

कुलूप तोडायची गरजच नव्हती. कोयंड्याची पट्टी चौकटीवर स्क्रूंनी बसवली होती, जुन्याच भोकांत. तिनं पर्स खाली टाकली आणि पहिल्या स्क्रूला हात घातला. सुतार कसबी होता, मेल्यानं दाबून बसवले होते. तिचे तळवे सोलवटले. तोंडानं तिच्या ज्या शिव्या चालल्या होत्या त्या तिच्या विद्यार्थ्यांनी ऐकल्या असत्या तर त्यांना फार आनंद झाला असता.

आत ठोकणं नव्हतं. आत कुणीतरी नुसतं टेकून होतं. एकेक स्क्रू निघत गेला तशी पट्टी चौकटीपासून उचलू लागली, आतून दाबल्यासारखी.

टाळ्या थांबल्या. देणगीदार मंडळी घर बघायला जिना चढू लागली, पुढे दादा. अर्ध्या जिन्यावरून त्याला ती दिसली. “ठिणगे, काय चाललंय तुझं? थांब! आधी थांब!”

“अरे, थांबलेच होते की मी,” ती म्हणाली, आणि शेवटच्या स्क्रूवर सगळा जोर लावला.

स्क्रू फिरवून निघाला नाही. तो उडाला. दार आपोआप धाडकन बाहेर उघडलं, ठिणगीच्या खांद्यावर आदळलं, आणि तिच्या पायाशी फळ्यांवर कुणीतरी पडल्याचा जड, मऊ आवाज झाला. जिन्यावरच्या सगळ्यांनी तो ऐकला. फळ्यांवर कुणीही नव्हतं. खोली रिकामी होती, नीटनेटकी, उन्हानं भरलेली. दाराच्या आतल्या बाजूला, ताज्या हिरव्या रंगावर, कपाळाच्या उंचीला एक तेलकट डाग होता.

मग पावलं वाजली. अनवाणी, हलकी, घाईची. बोळातून जिन्याकडे, आणि जिन्यावरून खाली. जिन्यावरची माणसं एकेक करून बाजूला होत गेली. कुणी पदर आवरला, कुणी हातातला पेला वर धरला, घाईनं उतरणाऱ्याला आपण वाट देतो तशी. दादानं कोटाची बाही जवळ ओढली आणि भिंतीला पाठ लावली. आपण असं का केलं, हे त्यांच्यातल्या एकालाही कळलं नसावं. फक्त ठिणगीला वरून, जिन्याच्या वळणावर, कठड्याच्या दोन खांबांमधून एका लांब काळ्या वेणीचं टोक झोका घेताना दिसलं. क्षणभरच. खाली मुख्य दार उघडंच होतं.

पर्समधला फोन वाजू लागला.

तेव्हा तिला कळलं. राग डोक्यात एवढा भरला होता, की दार उघडलं तर त्याला टेकलेल्या माणसाचं काय होईल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. वहिनींना नुसतं धरून ठेवा म्हणाली असती तरी चाललं असतं. वहिनी रडत सांगत होत्या, की आई चौकटीत टेकून उभ्या होत्या, आणि आधार काढून घ्यावा तशा एकदम पुढे, तोंडावर, बाहेर. हाक मारली, पाणी मारलं, श्वास नाही हो ताई.

दादा धापा टाकत वर पोचला. चेहरा लाल, मागे पाहुणे. त्यानं खाली लोंबणारी कडी पाहिली, चौकटीवरची उघडी भोकं पाहिली. काहीतरी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं.

“आई गेली, दादा.”

मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, “कधी?”

“आत्ता,” ठिणगी म्हणाली. “तू भिंतीला लागून वाट दिलीस ना, तेव्हा.”